मलप्रभेचा डोह: गाळ काढायचा की नदीवर सोडायचा?

काठावरची
नमस्कार मंडळी. माझं माहेर खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण विषय सध्या गावात तापलाय.

गावाखाली नदी कोपरातून मुडपल्यासारखी वळते. वळणाच्या तोंडाशी काळ्या खडकाची एक सोंड पाण्यात उतरलीय. ऐन आषाढात मधली धार लाल होऊन घोंगावत जात असते, पण सोंडेच्या आडोशाला करंजाचं एखादं पान जागच्या जागी गिरक्या घेत राहतं. गुरं पाण्याला तिथंच, कपडे तिथंच, गौरी-गणपती तिथंच. आम्ही त्याला डोह म्हणतो. आजी 'मडू' म्हणायची.

आता ठरतंय असं: जेसीबी लावून डोहातला गाळ काढायचा, खालच्या अंगाचा खडक फोडून पाण्याला वाट करायची आणि काँक्रीटचा घाट बांधायचा. गावसभा पुढच्या महिन्यात आहे. माझ्या मनाला हे पटत नाही, पण 'पटत नाही' एवढ्यावर गावसभेत उभं राहता येत नाही. असा डोह तयार कसा होतो, त्यात काय काय जगतं, तुमच्याकडच्या डोहांचं काय झालं, जे माहीत असेल ते सांगा.

जांबोटीकर
ताई, हात लावू देऊ नका. आमच्या ओढ्यावरचा एक असाच 'साफ' केला. दोन उन्हाळे झाले, मार्चमध्ये तिथं पोरं क्रिकेट खेळालेत.

गोकाकचा_करदंट
मी कन्नड माणूस, मराठी शाळेत शिकलेला. 'मडू' हा आमचा शब्द आहे. नदीतली खोल जागा, जिथं उन्हाळ्यातही पाणी आटत नाही, ती मडू. तुमच्या आजींनी तो घरच्यासारखा वापरला ह्याचं फार बरं वाटलं. आमच्याकडं घटप्रभा ५२ मीटरवरून खाली पडते, त्या धबधब्याखालीही मोठा मडू आहे. लहानपणी वडील सांगायचे, वर पाणी किती आहे ते सगळे बघतात, खाली किती थांबलंय ते बघ.

काठावरची
@करदंट, आजी गेली तोवर मी तो शब्द अस्सल मराठीच समजत होते. धन्यवाद दादा.

खडकमास्तर
भूगोल शिकवून निवृत्त झालोय, म्हणून जरा लांबेल.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, समुद्रसपाटीपासून साधारण ७९२ मीटरवर. तिथून ३०४ किलोमीटर पूर्वेकडं जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. तिचा सगळा जोर पहिल्या टप्प्यात, म्हणजे तुमच्या खानापूर तालुक्यात. घाटमाथ्याचा पाऊस धो धो, आणि सौंदत्तीकडं जावं तसं आभाळ कोरडं. त्यामुळं चार महिने पूर आणि आठ महिने जेमतेम धार, असा ह्या नदीचा संसार.

डोह पूर खणतो. वळणावर पाणी बाहेरच्या काठावर आदळतं आणि तळाशी वळून खरवडत जातं. खडकाची सोंड असेल तर तिच्यामागं भोवरा धरतो. भोवऱ्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षं घरंगळून खडकात रांजणासारखे खोल खड्डे, म्हणजे रांजणखळगे, पडतात. म्हणजे डोहाची खोली ही त्या ठिकाणच्या पुराच्या जोरावर बसलेली असते. त्यापेक्षा जास्त खणलंत तर दोन-तीन पुरांत नदी ते भरून टाकते. कमी असेल तर स्वतः खणते.

आता महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय, 'खालच्या अंगाचा खडक फोडून'. हा खडक डोहाचा उंबरठा आहे. उन्हाळ्यात धार तुटली की डोहात पाणी किती उरणार हे त्या उंबरठ्याच्या उंचीवर ठरतं. तो हातभर फोडला की डोह हातभर उतरला. कायमचा. गाळ पुन्हा येईल, खडक पुन्हा येत नाही. जांबोटीकरांच्या ओढ्यावर बहुतेक हेच झालं असणार.

आणखी एक विचारतो. उन्हाळ्यात डोहात उतरलं की एखाद्या कोपऱ्यात पायाला एकदम गार लागतं का?

काठावरची
सर, लागतं! करंजाच्या मुळांखाली. आम्ही म्हणायचो तिथं आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, राहतात.

खडकमास्तर
मग तिथं झरा आहे. वरच्या माळाचा जांभा दगड स्पंजसारखा पाऊस पिऊन ठेवतो आणि एप्रिल-मेपर्यंत थेंब थेंब सोडत राहतो. नदीची धार तुटल्यावरही डोह जिवंत राहतो तो अशा झऱ्यांवर. त्या काठाला काँक्रीट लागलं तर झऱ्याचं तोंडच बुजेल.

ऊस_आणि_भात
सगळं वाचलो. मास्तरांचा मान ठेवून सांगतो, पण कोणीतरी दुसरी बाजू बोलायला पायजे. माझी तीन एकर जमीन नदीला लागून हाय. मोटर नदीवर. पंधरा वर्षांमागं फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तोंडाची झडप, पाण्यात बुडालेला असायचा, आता मार्चला चिखल ओढतोय. दोनदा मोटर जळाली, दुसऱ्या वेळी रिवाइंडिंगला दिलेले पैसे म्हशीच्या दुधातनं फेडले. गाळ काढा म्हणणारा माणूस वेडा नसतो ओ. बेळगावात बसून डोह सुंदर दिसतो, आम्हाला त्यातनं भात पिकवायचा असतो. तळ्यातला गाळ काढल्यावर पाणी वाढतं हे डोळ्यांनी बघितलंय. मग डोहातला काढला तर बिघडतं कुठं?

काठावरची
दादा, मी टिळकवाडीत राहते हे खरं आहे आणि तुमची अडचण खोटी नाही. माझ्या भावाचीही मोटर त्याच पाण्यावर आहे. म्हणूनच विचारायला आले.

खडकमास्तर
@ऊस_आणि_भात, प्रश्न रास्त आहे. तळं माणसानं बांध घालून केलेलं असतं. त्यात आलेला गाळ बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून काढावाच लागतो. नदी वाहती असते. तिथं गाळ साचत असेल तर दोनच गोष्टी झालेल्या असतात: वरून माती जास्त यायला लागली, नाहीतर खाली काहीतरी अडलं. तुमच्या खाली ब्रिज-कम-बंधारा, म्हणजे फळ्या घालून पाणी अडवायचा पूल, झालाय का?

ऊस_आणि_भात
झालाय की. दोन किलोमीटरवर. फळ्या पावसाळा आला तरी कोणी वेळेवर काढत नाहीत.

खडकमास्तर
मग पहिल्या पुराचा सगळा जोर त्या फळ्यांनी मोडतो आणि माती मागं बसते. तळ धुवून काढणारा पूर तोच असतो.

हुक्केरीवाला
थोडं अवांतर. आमच्या घटप्रभेवरचं हिडकल धरण १९७७ चं. त्यात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बुडालं. पाणी खूप उतरलं की उन्हाळ्यात देऊळ वर येतं आणि लोक दर्शनाला धावतात. देवळाची सगळे आठवण काढतात. पण आमचा आजा सांगायचा, देवळाखाली नदीत पोहायची जागा होती, तिथंच आम्ही पोहायला शिकलो. ती जागा काही वर येत नाही. धरणाच्या पोटात गाळाखाली गेली. मलप्रभेवरही सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाचं धरण १९७२ पासून आहेच. त्याच्या वर जेवढी मोकळी नदी उरलीय तेवढीच तुमच्या हातात आहे, काठावरची ताई.

चढणीचा_मासा
ह्या धाग्याची वाटच बघत होतो. आता माशांचं ऐका.

फेब्रुवारीनंतर नदीचे उथळ पट्टे तापतात, मग तुटतात. तिथले मासे जातात कुठं? डोहात. मरळ, वाम, शिंगटी, झिंगे, खेकडे, सगळा गोतावळा तीन महिने त्या एका खड्ड्यात कोंडून काढतो. तळाचं पाणी गार असतं, कडेला मुळांच्या कपारी असतात, वरून करंज-जांभळाची पानं पडतात. त्या पानांवर किड्यांच्या अळ्या जगतात. एकदा डोहाच्या कडेचा दगड उलटून बघा. वाळूचे कण आणि काटक्या चिकटवून केलेली बोटाच्या पेराएवढी नळी दिसेल. आत अळी असते. अशी घरं दिसली की पाणी चांगलं आहे समजायचं.

मग मृगाचा पहिला लोंढा येतो आणि अंड्यांनी भरलेले मासे डोहातनं निघून उलट्या धारेनं वर चढतात, ओढ्यांत, भाताच्या खाचरांत. हेच चढणीचे मासे. म्हणजे एक डोह मेला की त्याच्या वरचे पाच-सहा ओढे पुढच्या पावसात रिकामे राहतात. उन्हाळ्यात जेसीबी घालणं म्हणजे सगळं गाव देवळात झोपलेलं असताना देऊळ पाडण्यासारखं आहे.

जिलेटिन फोडणारे, पाण्यात वीज सोडणारे, ब्लीचिंग पावडर टाकणारे ह्यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. माझ्या हातात एकदा स्फोटानंतर तरंगत आलेली पिल्लं होती, तांदळाच्या दाण्याएवढी. ओंजळीत शंभर तरी असतील. घरी येऊन जेवलो नाही.

कुंदा_प्रेमी
आमच्या रविवारच्या ताटात मात्र आता फक्त चिलापीच येते. डोहातली मरळ मिळाली तर कळवा, मसाला मी वाटून आणतो!

चढणीचा_मासा
@कुंदा_प्रेमी, मसाला आणा, पण चिलापीचीच आमटी करू आणि जेवढ्या मिळतील तेवढ्या खाऊन संपवू. चिलापी म्हणजे तिलापिया, तो आपल्या देशात १९५२ मध्ये आणला. तो वर्षभर अंडी घालतो, पिल्लं तोंडात सांभाळतो आणि गढूळ, तापलेल्या पाण्यातही तग धरतो. डोह उथळ झाला की त्याचं राज्य.

सह्याद्रीचा_वारा
मग गावानं डोहात महाशीर माशाचं बीज सोडावं की. लोणावळ्याच्या केंद्रात तयार होतं असं ऐकलंय.

चढणीचा_मासा
हेतू चांगला आहे पण सावध. दख्खनचा महाशीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, सायक्स नावाच्या इंग्रजानं १८३९ मध्ये नोंदवला. तो आपल्या कृष्णा खोऱ्यातला. तो कावेरीत नेऊन सोडला आणि तिथला स्वतःचा कुबडा महाशीर मागं पडत गेला. २०१८ मध्ये हा कुबडा महाशीर अतिसंकटग्रस्त यादीत गेला. एकाच कुळातले, नावाजलेले, जपायच्या भावनेनं सोडलेले मासे, तरी हे झालं. आधी डोहात आज काय आहे ते बघा. बाहेरचं काही आणण्यापूर्वी.

लालमाती
इतिहासाकडं येते. आमचं घराणं खानापूरच्या कौलांच्या धंद्यातलं. खानापूरची माती चिकण, भाजल्यावर छान लाल होते, म्हणून इथं कौलं, विटा, मडकी. कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही ह्याच मातीमुळं इथं आली. ही माती नदीनंच वळणावळणावर आणून ठेवलेली. आमच्या आजोबांच्या काळात काठावरची माती हातानं, फावड्यानं काढायचे आणि झाडाच्या मुळापाशी थांबायचे. आता यंत्र थांबत नाही. काठ मोकळा झाला की पावसात तीच माती डोहात जाते. मग आपण म्हणतो, डोहात गाळ फार झाला. मी धंद्यातल्या घरची आहे म्हणून हे मीच बोलायला हवं असं वाटलं.

दुसरं. डोहाला जुन्या पायऱ्या आहेत का?

काठावरची
आहेत. जांभ्याच्या सात पायऱ्या, त्यातल्या तीन उन्हाळ्यातच दिसतात. सगळ्यात वरच्या दगडाला दोरानं पडलेल्या खाचा आहेत, बोट बसेल एवढ्या. गावात सांगतात कदंब राजांच्या काळातला घाट.

लालमाती
इथं थोडी थांबवते. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंबांची मोठी नगरी, आणि ती आपल्याच तालुक्यात. त्यामुळं तालुक्यातला प्रत्येक जुना दगड कदंबांचा ठरतो. पायऱ्यांवर लेख नसेल, कोरीव काम नसेल तर काळ सांगता येत नाही. पण खाचा खऱ्या आहेत. जांभा मऊ असला तरी दोरानं बोटभर खाच पडायला कितीतरी बायकांचे हात लागले असतील. गावसभेत तेच सांगा. नवीन घाट त्या पायऱ्यांवर ओतणार आहेत का, हेही विचारा.

शांताईची_नात
मी विरोधात लिहिणार आहे, आधीच माफी मागते. माझा मामेभाऊ अशाच एका डोहात बुडाला. नववीत होता. मोठ्यांनी आसरांची भीती घातली होती, त्याला ती खोटी वाटली. वरून पाणी शांत दिसतं, आत भोवरा असतो. दोन दिवसांनी सापडला. मामी अजून नदीकडं तोंड करून बसत नाही. तेव्हा घाट हवा, साखळी हवी, खोली लिहिलेला फलक हवा. मासे वाचवा, पण मुलंही.

चढणीचा_मासा
ताई, माफी कशाला. ह्या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही लिहिलंत.

खडकमास्तर
शांताईच्या नातीचं म्हणणं घेऊनच पुढं जायला हवं. जुन्या सात पायऱ्या नीट बसवून त्यांना साखळी, आणि धोक्याच्या बाजूला लाल रंगानं फलक, एवढं खडकाला धक्का न लावता करता येतं. शेवाळ धरलेलं गुळगुळीत काँक्रीट उलट जास्त घसरतं. आसरांना आपल्या बायका हळद-कुंकू वाहायच्या ती जागा बहुतेक भोवऱ्याचीच असते. फलक नव्हते तेव्हा तोच फलक होता.

निपाणीकर
देवाच्या नावानं राखलेल्या पाण्याचं एक उदाहरण देतो. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमावर, देवळाच्या कुंडात, २०२० मध्ये एका छोट्या माशाची नवीन जात नोंदली गेली. नावही 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तीच हिरण्यकेशी पुढं आपल्या संकेश्वरावरून वाहते. एवढ्याशा कुंडात जगाला माहीत नसलेला मासा होता, आणि तो टिकला कारण देवाच्या पाण्यात कोणी गळ टाकत नाही. तुमच्या डोहात काय आहे ते कोणी मोजलंय?

जांबोटीकर
हब्बनहट्टीचा मारुतीपण नदीतच की. पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली. कोणी म्हणत नाही की नदी हलवा.

भीमगडची_वाट
डोहाच्या काठाच्या खडकावर वास मारणारी, माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा दिसते का? सकाळी लवकर बघा. बोटांमध्ये पडदा असलेला ठसा ओल्या वाळूत मिळाला तर पाणमांजर. आपल्या घाटाच्या ओढ्यांत खेकडे खाणारं लहान जातीचं असतं, मोठ्या नदीत मोठं. कर्नाटकानं २०१५ मध्ये तुंगभद्रेचा ३४ किलोमीटरचा पट्टा फक्त पाणमांजरांसाठी राखीव केला. त्याला लागतं काय? खोल पाणी, मासे आणि बिळासाठी मुळांचा काठ. म्हणजे तुमचा डोह.

सह्याद्रीचा_वारा
मगर आहे का?

भीमगडची_वाट
खाली कृष्णेत आहे. खानापूरच्या डोहात मी तरी पाहिली नाही.

नवा_सभासद
कशाला एवढी चर्चा? गोव्याकडं जाणाऱ्या म्हादई नदीचं पाणी कळसा नाल्यातनं मलप्रभेत आलं की डोह आपोआप भरेल. लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलंय, त्यातलं ३.९ मलप्रभेकडं वळवायला. गोव्यानं अडवलंय म्हणून...

व्यवस्थापक
म्हादईसाठी वेगळा धागा आहे, कृपया तिकडं. तिथं आधीच चारशे प्रतिसाद झालेत. इथं डोहावरच बोलू.

भीमगडची_वाट
एकच वाक्य, मग थांबते: पाणी वळवायचं ते बहुतेक पावसाळ्यातलं, आणि डोहाची ओढाताण एप्रिलमधली.

खडकमास्तर
@काठावरची, गावसभेआधी एक काम करा. लांब दोर घ्या, हाताहातावर गाठी मारा, टोकाला दोन किलोचं वजन बांधा. होडी किंवा ट्यूब घेऊन पोहणाऱ्या माणसाबरोबर डोहाच्या आठ-दहा जागी सोडा. गाळावर वजन आवाज न करता बसतं आणि दोर सैल पडायला वेळ लागतो. खडकावर टक्क लागल्याचं हाताला कळतं. एकट्यानं जाऊ नका.

काठावरची
पंधरा दिवसांनी लिहितेय. रविवारी केलं. भाऊ, गावातला एक कोळी आणि दोन पोरं ट्यूबवर, मी पायरीवर वही घेऊन. वजन म्हणून घरचा जुना खलबत्त्यातला बत्ता बांधला.

मधोमध अकरा हात पाणी आणि खाली टक्क. दोनदा, तीनदा सोडलं, टक्कच. सोंडेच्या आड नऊ हात, तिथंही दगड. गाळ आहे तो फक्त आतल्या वळणाला, जिथं मोटरी बसवल्यात. तिथं बांबू खुपसला तर दोन हात चिखलात गेला. म्हणजे डोह भरलेला नाही. मोटरीच उथळ बाजूला बसवल्यात, कारण तिथं पाइप कमी लागतो. आणि त्याच बाजूचा वरचा काठ तीन वर्षांपूर्वी विटांच्या मातीसाठी कापला होता.

सकाळी सहाला सोंडेवर खेकड्याच्या कवचांची वाळलेली लेंडी सापडली. फोटो काढलाय. ठसा मिळाला नाही, रात्री पाऊस झाला होता.

दगड पण उलटला. काटक्यांची नळी होती. आतली अळी हातावर ठेवली तर डोकं बाहेर काढून चालायला लागली, घर ओढत. पोरं मला ओरडून म्हणाली, ताई पाण्यात सोड, मरेल.

ऊस_आणि_भात
आतलं वळण म्हणालात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझीच मोटर आली. आमच्याकडं पण तसंच हाय, आतल्या बाजूला. बाहेरच्या काठाला पाइप न्यायचा तर साठ फूट जादा लागतोय. पाइपला किती पडेल ते काढतो. रिवाइंडिंगपेक्षा कमीच असेल.

खडकमास्तर
दादा, तिथं फूटव्हॉल्व्ह तळापासून दोन हात वर टांगा, तरंगत्या पिंपाला बांधून.

शांताईची_नात
अकरा हात. फलकावर तो आकडा लिहा ताई, मोठ्या अक्षरात. मराठीत आणि कन्नडमध्ये.

गोकाकचा_करदंट
कन्नड मजकूर मी लिहून देतो. वर 'मडू' लिहू का?

काठावरची
लिहा दादा. गावसभा गुरुवारी आहे. बत्ता आणि दोर पिशवीत भरून ठेवलाय. कापलेल्या काठावर शेरणीची झुडपं आणि करंज लावायची मागणी भाऊ मांडणार, बंधाऱ्याच्या फळ्या मृगाआधी काढायची मी. आजीच्या वयाच्या दोघी येते म्हणाल्यात, पायऱ्यांबद्दल त्याच बोलतील.